काडतूस कोणतं घेऊ, ताई?

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक आहोत. दुकान परवापासून पुन्हा उघडलं. चोरांनी फोन तारेसकट उपटून नेला, तो अजून बसायचाय, म्हणून हे पत्र. एरवी तुझा धाकटा भाऊ पत्र लिहितो म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला असं तू म्हणशीलच.

मी दाराजवळच्या गल्ल्यावर होतो आणि ते दोघे समोरच्या कपाटाशी, हातात सुरे घेऊन. मी नुसता बघत राहिलो. आयुष्यभर सोनं तोललं, पण त्या दिवशी माझा हात साधा वरही उचलला गेला नाही. त्याची लाज अजून जात नाही. आता पिस्तुलाचा परवाना मिळालाय. विकणारा म्हणतो, पंचेचाळीसचं मोठं काडतूस घ्या, एका गोळीत माणूस आडवा. शेजारचा शिंपी म्हणतो, नऊ एमएम पुरे. तू पोलिसांसाठी काडतुसं तपासतेस. घरात डॉक्टर असताना मी कंपाउंडरला का विचारू? कोणतं घेऊ ते कळव.

चिंगी मजेत आहे. आत्यानं पत्रात तिला वेगळा पापा पाठवावा असा तिचा हुकूम आहे.

तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

हात उचलला नाहीस म्हणून आज पत्र लिहितोयस, हे आधी डोक्यात घाल. लाज कसली त्यात?

आता काडतुसांचं. एका गोळीत आडवा वगैरे थापा आहेत. पिस्तुलाची गोळी माणसाला उडवून लावत नाही. ती कुठे लागते याला महत्त्व. आम्ही जिलेटिन शिजवून त्याचे मोठे ठोकळे थंड करतो, पुढे जाड कापडाचे थर लावतो आणि त्यात गोळ्या झाडतो. ठोकळा अंगाच्या मांसाइतपत घट्ट असतो. कॅमेऱ्यात तेच सावकाश बघितलं की अख्खा ठोकळा फुगतो, थरथरतो आणि परत जागेवर बसतो. बाहेरून काही झालंच नाही असं वाटतं, आत मात्र फाटलेली वाट. इतकी वर्षं बघतेय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत एवढं काही मावतं कसं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आमच्या नव्या शिपायांनाही मोठंच काडतूस हवं होतं. पण नऊ, चाळीस, पंचेचाळीस असे तिन्ही ठोकळे शेजारी ठेवून त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, तर कोणता कोणाचा हे मलाही ओळखता येईना. मोठ्याचा धक्का मात्र असा बसतो की दुसरी गोळी भलतीकडेच जाते. नऊच्या गोळ्या पिस्तुलात मावतातही जास्त. म्हणून खात्यानं नऊच धरलं. त्यातही टोकाला खळगी असलेली गोळी. ती अंगात शिरली की पाकळ्यांसारखी उघडते आणि आतच थांबते, मागे उभ्या असलेल्या माणसाला लागत नाही.

पण खरं सांगू? आधी दार मजबूत कर. चिंगीला दोन पापे.

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं जीव भांड्यात पडला. नऊच घेतलं, खळगीवालं. भरून गल्ल्याच्या खणात ठेवलंय.

मला एकच घोर होता. कपाटामागचं पार्टिशन प्लास्टरच्या पातळ पाट्यांचं आहे आणि त्याच्या पलीकडे चिंगी अभ्यासाला बसते. पण तुझी गोळी उघडते आणि थांबते म्हटल्यावर पार्टिशन पार करायची तिची काय बिशाद! हिलाही तसंच समजावलं. ही म्हणाली, ताईंना एकदा विचारून घ्या. तेव्हा विचारल्यासारखं करतो.

तुझा,
निर्धास्त धाकटा

२० मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद.

आधी पिस्तूल रिकामं कर. मग पुढचं वाच. बायकोचं एवढं ऐकलंस ते फार बरं केलंस.

मी अंगाबद्दल लिहिलं, तू ते भिंतीला लावलंस. पत्र हातात घेऊनच प्रयोगशाळेत गेले. तशाच पाट्या मागवल्या, ठोकळ्यापुढे उभ्या केल्या आणि तुझंच काडतूस झाडलं. पाटी फोडताना खळगीत प्लास्टरचा भुगा गच्च भरतो, मग गोळी उघडणार कशी? पाट्या पार, ठोकळा पार, मागे ठेवलेल्या दुसऱ्या ठोकळ्यातही ती खोल गेली. मोठ्या काडतुसाचंही तेच. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण त्या पाट्यांपलीकडे आपलं माणूस बसवून मी कधी बघितलंच नव्हतं. ती गोळी माझ्यासमोर टेबलावर आहे, टोकाला पांढरी झालेली. हे पत्र खात्याच्या गाडीबरोबर पाठवतेय. गाडीतच बस आणि इकडे ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तुझी,
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दाखवलंस ते डोळ्यांपुढून हलत नाही. त्या ठोकळ्यातून आरपार उजेड दिसत होता आणि त्यात ती सरळ वाट. मी बघतच राहिलो. सुंदर म्हणावं तर जीभ रेटत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही.

पिस्तूल पोलिसांकडे जमा केलं. लोखंडी जाळीचं दार उद्या बसतंय. चोर पुन्हा आले तर काय, ही भीती आहेच. ती काही दाराबाहेर राहत नाही.

काल गल्ल्यावर उभं राहून कपाटाकडे, ते दोघे होते तिकडे, नुसतं बोट रोखून बघितलं. पलीकडून चिंगीचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. तिला हाक मारली आणि विचारलं, चोर आले तेव्हा तू कुठे होतीस? आजवर हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती म्हणाली, पार्टिशनला पाठ लावून बसले होते. तिथेच का, म्हटलं. तर म्हणाली, बाबा, तिथून तुमचा आवाज सगळ्यात जवळ येतो.

हात तेव्हा उचलला नाही, ताई. आता त्याची लाज वाटत नाही.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा,
धाकटा