हिरव्या पेन्सिलीचा प्रताप

३ फेब्रुवारी

आज मी गाव वाचवलं!

सभागृहात लांब टेबलावर गावाचा नकाशा पसरला होता. जमीनवापराचे नियम वीस वर्षांनी बदलताहेत – कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे नुसती मोकळी जमीन. नगररचनेच्या बाई म्हणाल्या, "गाव वाढणारच आहे, ते काही थांबत नाही. पण जे जपावंसं वाटतं ते हिरवं रंगवा. तिथे बांधकाम होणार नाही. नावं घालू नका, मोकळेपणाने रंगवा." आणि प्रत्येकाच्या हातात एकेक हिरवी पेन्सिल.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाती रंगीत पेन्सिल देऊ नये. नकाशावर नुसत्या रेघा आणि आकडे होते, पण मला दिसलं ओढ्याकाठचं कुरण! तिसरीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता तिथे गवतात लोळून पाठ केल्या होत्या. रंगवत सुटलो. कोपऱ्यात तीन पक्षीसुद्धा काढले, सवयीने. मग उभं राहून जागीच सुचलेल्या दोन ओळी ऐकवल्या –

कुरणा, कुरणा, तुझ्याविना
गाव म्हणावे तरी कुणा?

टाळ्या पडल्या. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "मास्तर, पोस्टात फुकट गेलात तुम्ही!" हे कौतुकच होतं, असं मी धरून चाललोय.

५ फेब्रुवारी

कविता दोन ओळींपुढे सरकत नाही. जुना, उणा, खुणा वापरून झाले.

११ फेब्रुवारी

मुलगी आली होती. घराचा विषय पुन्हा निघाला. मी न्हाणीघरात घसरलो तेव्हापासून तिने मनावर घेतलंय. शहरातली चौथ्या मजल्यावरची भाड्याची जागा सोडायची आणि आमच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या बांधून दोघांनी राहायला यायचं. जावयाचीही ना नाही.

मला इतका आनंद झाला, की तोंडातून निघालं, "उगाच माझ्यासाठी कशाला ओढाताण?"

ही असती तर म्हणाली असती, "सरळ 'ये' म्हणायला काय जातं हो तुमचं?" एका अक्षराचं काम! पण मला कडवी सुचतात, ते अक्षर सुचत नाही.

१९ फेब्रुवारी

नियमांचा मसुदा फळ्यावर लागला. मुलगी मुद्दाम बघायला आली. प्लॉट नंबर २०७ – हिरवा. बांधकामास मनाई. शेजारी त्या रंगवलेल्या नकाशाची मोठी प्रत. मुलगी त्या प्रतीपुढे बराच वेळ उभी होती.

"कुणी रंगवलं असेल हो, अप्पा?"

"असेल कुणीतरी खुळा," मी म्हणालो.

खोटं नव्हतंच ते! २०७ म्हणजे आमची मागची जागा. चाळीस वर्षं टपालखात्यात काढली, गावातला पत्ता न् पत्ता तोंडपाठ – पण प्लॉट नंबर घालून कोण पत्र पाठवतं?

ती गेल्यावर जुने कागद काढले. खरी मजा त्यातच होती. कुरण गेलं, कुरण गेलं म्हणून इतकी वर्षं गळा काढतोय ना मी? कुरणावर उभं राहिलेलं पहिलं घर माझं! वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हौसेने, सगळं गवत साफ करून मीच बांधलेलं.

२० फेब्रुवारी

बाईंच्या कार्यालयात गेलो. "एका मित्रासाठी विचारतोय," म्हटलं.

"हरकतींची सुनावणी वीस मार्चला आहे. पण लोकांनी जपायला सांगितलेली जागा मालकाच्या नुसत्या अर्जावर आम्ही मोकळी करत नाही. ज्याने रंगवलं, त्याने सुनावणीत उभं राहून 'चूक झाली' म्हणावं."

"आणि तो लाजत असला तर?"

"मग त्याला म्हणावं, बसा गवत बघत."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मित्र ओळखला असावा.

२६ फेब्रुवारी

दुकानात मुलीसमोरच दुकानदार ओरडला, "मास्तर, तुमचं कुरण..." मी घाईघाईने साबण मागितला. मग आणखी एक मागितला. घरी सहा साबण झालेत.

४ मार्च

रविवार असून मुलगी आली नाही. काम असेल.

१२ मार्च

तिचा फोन. "राहू दे अप्पा घराचं. तुम्हालाही मोकळं मोकळंच बरं वाटतं."

"तुला जसं सोयीचं," मी म्हणालो.

सोयीचं! बाप बोलतोय की टपालखात्याचा छापील फॉर्म? फोन ठेवल्यावर तिच्या त्या 'मोकळं मोकळं'चा अर्थ लावत बसलो. लागला नाही. तीन वाक्यं मनात तयार केली, एकही फोनवर गेलं नाही.

१९ मार्च

उद्या सुनावणी. चूक कबूल करणाऱ्या बारा ओळी लिहिल्या. सातवी तर फारच सुंदर झाली होती. सगळ्या फाडल्या.

२० मार्च

सभागृह गच्च भरलेलं. माझ्या आधी दुकानदार तावातावाने बोलला – रस्त्याकडेला दुकानं होऊ दिली नाहीत तर पोरं गावात राहतील कशाला? मागून कुणीतरी, "आणि दुकानंच झाली तर राहतील कुठे?" दोघांचंही मला पटलं. मी कुठल्याच बाजूच्या कामाचा नाही.

माझा पुकारा झाला. उठलो आणि दिसलं, शेवटच्या रांगेत मुलगी! कधी आली कोण जाणे. पाठ केलेलं सगळं विसरलो.

"२०७ मी रंगवलं. ती जागा माझीच आहे. मला माहीत नव्हतं. साठ वर्षांपूर्वीचं गवत रंगवलं मी. आता तिथे दगड आणि काटे आहेत, आणि माझ्या मुलीला तिथे घर बांधायचंय. बांधू द्या."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही स्वतःच्याच जागेवर बंदी मागितलीत?"

"हो."

सभागृह खदखदून हसलं. दुकानदार तर बाकावर आडवाच झाला. "मास्तर, स्वतःच्याच पत्रावर 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का मारलात की!" मीही हसलो. मागच्या रांगेत मात्र कुणी हसत नव्हतं.

निर्णय झाला – ओढ्यालगतचा पट्टा हिरवाच राहणार, उरलेल्या जागेत एक घर चालेल. कुरणही थोडं वाचलं, घरही वाचलं. माझी अब्रू तेवढी गेली. मुलगी रात्री इथेच राहिली.

२१ मार्च

सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "पक्षी बघितले तेव्हाच कळलं होतं मला. हॉस्टेलवर आलेल्या तुमच्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात तेच तीन असायचे. मला वाटलं, मी इथे यायला नकोय तुम्हाला. तोंडाने सांगवत नाही, म्हणून रंगवून ठेवलंत."

महिनाभर ती हे मनात घेऊन हिंडत होती. आणि मी यमकं शोधत होतो.

"ये," म्हणालो.