चांदण्या, बोंड्या आणि तिसरा

सिंदी (रेल्वे),
१२ जून १९७८

चि. चंद्रभान यास देवकाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, म्हणजे माणसं ठीक आहेत. बैलांचं विचारू नकोस. तुझ्या भाऊजींनी लष्कराच्या लिलावातून लढाईच्या काळातली एक जीप घेतली. स्टेशनापर्यंत ती मालगाडीने आली आणि तिथून घरापर्यंत आपल्या चांदण्या-बोंड्यांनी ओढली. त्याचं बक्षीस म्हणून दोघांची कोठ्यातून हकालपट्टी झाली. आता गव्हाणीपाशी जीप उभी असते आणि जोडी निंबाखाली. मी बोलले तर म्हणतात, बैल भिजला तर वाळते, जीप भिजली तर गंजते. सासूबाईंनी जीपला पहिल्याच दिवशी हळदकुंकू लावलं. कोठ्यात आलं ते जनावर, असा त्यांचा हिशेब.

यांचा बेत असा की जीप सुरू झाली की जोडी विकायची आणि नांगराला हिलाच जुंपायचं. चांदण्या माझ्या हातची भाकर खातो, बोंड्या माझ्या आवाजाने मान वळवतो, आणि यांना डबडं हवं आहे! तू मोटारीच्या सामानाच्या दुकानात कारकून, तेव्हा तुला यांचं पत्र येईलच. एक खिळाही पाठवू नकोस.

तुझा लोभ माझ्या बाजूने असावा.

तुझी ताई, देवका

*

बोरगाव मेघे,
३ जुलै १९७८

ती. किसनराव भाऊजींस चंद्रभानचा सा. न. वि. वि.

कार्बोरेटर आणि ब्रेकचे लायनर एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवले आहेत. पिशवीत वर मुद्दाम चिवडा ठेवला आहे. ताईने उघडलीच तर तेवढाच दिसावा. गिअरबॉक्स जाम गावी हायवेवर नत्थूजी मिस्त्रींकडे मिळेल. ते गाडीला आधी शिव्या देतात, मग हात लावतात. मनावर घेऊ नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. लायनरला तेलाचा थेंबही लागता कामा नये.

मी ताईच्या बाजूने आहे असं तिला कळवलं आहे, आणि ते खरंही आहे. फक्त जीप सुरू झालेली मला एकदा बघायची आहे. लोभ दोघांचाही असावा, एकमेकांना न कळता.

आपला, चंद्रभान

*

सिंदी (रेल्वे),
२५ ऑगस्ट १९७८

चि. चंद्रभान यास किसनरावचे आशीर्वाद.

जीप सुरू झाली! पहिल्यांदा अशी खोकलली की शेजारच्या यशोदाबाई आईसाठी काढा घेऊन आल्या. चिवडा पोचला. तुझ्या ताईने तो बैलांना घातला आणि पिशवीचा तळही पाहिला. ती तुझ्याबद्दल काय म्हणाली ते या कागदावर मावणार नाही.

आता आमची पैज लागली आहे. पोळ्याला जीप बैलांच्या रांगेत उभी करायची. ती आपल्या चाकांवर घरी परतली, तर जोडी विकायची. ओढून आणावी लागली, तर जीप भंगारात आणि बैल कोठ्यात. तुझी ताई लगेच कबूल झाली, तेव्हापासून मला जरा धाकधूक आहे.

तोरणाखालून पहिलं जायचा मान लक्ष्मणरावांच्या जोडीचा, म्हणून त्यांना विचारून आलो. ते म्हणाले, उभी कर बाप्पा, पण शिंगं कोठी रंगवशीन? मी म्हटलं, हेडलाइट रंगवतो.

ब्रेक तेवढे राहिले आहेत. आदल्या दिवशी बसवतो. लोभ आहेच, पोळ्याला येऊन दाखव.

तुझा, किसनराव

*

सिंदी (रेल्वे),
४ सप्टेंबर १९७८

चि. चंद्रभान यास आशीर्वाद. चिवड्याचा राग गेलेला नाही, तरीही आशीर्वाद.

तू आला नाहीस, म्हणून सगळं लिहिते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई खांदशेकणी करत होत्या. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने लोणी-हळद चोळत होत्या. हे चारी चाकं काढून ब्रेक बसवत होते. तिथूनच म्हणाले, माय, हे बी आपल्याच कोठ्यातलं जनावर हाय, याले काऊन सोडून राह्यली? सासूबाईंनी विचारलं, याचा खांदा कोठी हाय? यांनी चाकाच्या आतली जागा दाखवली, म्हणाले, सारा भार इथंच येते. मग सासूबाईंनी हात राखला नाही. चारी खांदे लोण्याने माखले आणि, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं जोडीबरोबर जीपलाही सांगितलं. यांनी वरून चाकं चढवली.

दुसऱ्या दिवशी मैदानात रांग लागली. बैलांच्या झडत्या, गाणी म्हणून झाली. यांनी जीप थोडी पुढे घेतली, सगळ्यांना दिसावी म्हणून. ती थांबलीच नाही. लक्ष्मणरावांच्या जोडीच्या आधी तोरण तोडलं, आंब्याची पानं कपाळाला लावून उताराने थेट नाल्याच्या गाऱ्या-चिखलात गेली. हे आत बसून बैलाला म्हणतात तसं हो हो म्हणत होते. आम्हाला वाटलं, लक्ष्मणराव आता काठी काढतात. ते काठावर आले, पाहिलं आणि म्हणाले, किसन, बैल चांगला हाय, वेसण घालाची राह्यली.

पण काढणार कोण? पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. जीप तिथेच सोडून हे पुरणपोळी खायला पायी घरी आले. काल तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार निघाली आणि त्यांच्यामागून चांदण्या-बोंड्या जीप ओढत निघाले, आत हे. यशोदाबाईंनी पोरांबरोबर यांच्याही हातावर खाऊ ठेवला. यांनी तो घेतला.

बैल कोठ्यात आहेत. भंगारवाल्याला निरोप गेला आहे. तुझ्याविषयीचा लोभ चिवड्यापुरता कमी केला आहे.

ताई

*

बोरगाव मेघे,
९ सप्टेंबर १९७८

ती. ताईस सा. न. वि. वि.

ब्रेकला लोणी? तेलाचा थेंब नको, असं मी भाऊजींना स्पष्ट लिहिलं होतं. आमचे मालक पत्र ऐकून इतके हसले की गिऱ्हाईक निघून गेलं. तू जिंकलीस याचा आनंद आहे. पण भंगारवाल्याने घण घातला का, ते कळव. मला दोन दिवस जेवण गेलेलं नाही. लोभ पूर्ववत व्हावा.

तुझा, चंद्रभान

*

सिंदी (रेल्वे),
१० ऑक्टोबर १९७८

चि. चंद्रभान यास आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

हे म्हणतात, तू तेल लिहिलं होतंस, लोणी लिहिलं नव्हतंस.

भंगारवाला आला होता. हे शब्दाला जागले. त्याला जीप दाखवली आणि घरात भिंतीकडे तोंड करून बसले. त्याने घण उचलला, तशा सासूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, ज्याले आवतन देल्लं, त्याले कसायाले देतेत काय? भंगारवाला माझ्याकडे बघायला लागला. मी काय करणार! हळदीचा पिवळा डाग अजून चाकावर होता. चहा पाजून त्याला वाटेला लावलं. आता जीप निंबाखाली असते. पाऊस आला की तिच्यावर गोणपाट मीच टाकते, हे यांना सांगू नकोस.

यांनी पुढे दांडी आणि जू बसवलं आहे. आपल्या खाचर-गाडीपेक्षा मऊ चालते. तर दिवाळीला आम्ही सगळे जीपनेच तुझ्याकडे येतो. स्टिअरिंग आणि हॉर्न यांच्याकडे, कासरा माझ्याकडे. ब्रेक सोड्याने धुतले आहेत. तरीपण पुढचं फाटक उघडं ठेवजो, आणि मागचंही.

तुझी, ताई