माइकवर दिलेला शब्द

मढ,
१२ जानेवारी २०२५

अंगावर शाल घालून मला स्टेजवर बसवली, आणि जिच्या नावाने बसवली ती पोरगीच गायब! होडीने वेसावा, मेट्रोने घाटकोपर, पुढे मुलुंड, असे आम्ही दोन म्हातारे तुझ्या हॉस्पिटलात पोचलो, आणि तुला वॉर्डातून खाली उतरवलं नाही? आजोबांनी ठेवणीतला सदरा घातला होता, तो बघायला तरी यायचंस.

चि. नमितास आजीचे आशीर्वाद. आता बाकीचं ऐक. फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ करून ठेवून देतेस, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतच शाळा झाली, अक्षराला हसू नकोस.

नर्सांच्या घरच्यांना बोलावून खालच्या हॉलमध्ये छान कार्यक्रम केला. त्या रुचिरा मॅडम, माणसं नेमतात त्या, फार गोड बोलतात. सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, आजी, हल्ली मुली टिकत नाहीत, तुमची नमिता राहील ना? मी त्यांच्या हातातला माइक घेतला आणि सांगितलं, सखुबाईची नात आहे, अजून दोन वर्षं हलणार नाही, हा माझा शब्द. अशा टाळ्या पडल्या की आजोबा उठून ताठ उभे राहिले. त्यांना वाटलं राष्ट्रगीत लागतंय.

बाजारात मी चारचौघींत भाव बोलले की सौदा झाला, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आता शब्द सांभाळ. तुझा चेहरा उतरलाय असं वॉचमन सांगत होता. सुका जवळा पाठवते, तो भाकरीबरोबर खा.

माया आहे म्हणून ओरडते, दुसऱ्याच्या पोरीवर कशाला घसा फोडू?
तुझी आजी,
सखुबाई


मुलुंड,
१६ जानेवारी २०२५

ती. आजीस,
नमिताचा शि. सा. नमस्कार.

जवळा मिळाला. होस्टेलच्या मुलींनी आधी नाकं मुरडली, मग भांडं चाटून ठेवलं. आजोबांचा सदरा फोटोत पाहिला, एकदम झकास.

आता जे फोनवर बोलवत नाही ते लिहिते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी राजीनामा दिला होता. तुला सांगायचा धीर झाला नाही. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी रुचिरा मॅडमनी मला बोलावून मोबाइलवर तुझं भाषण दाखवलं. म्हणाल्या, एवढ्या लोकांत आजीला खोटं पाडणार का? मी राजीनामा मागे घेतला.

खाली आले नाही, कारण वॉर्डात मी एकटी होते. जान्हवी आणि मधुवंती सोडून गेल्या, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. ड्यूटी संपली तरी पुढची सिस्टर येऊन पेशंट ताब्यात घेईपर्यंत आम्हाला वॉर्ड सोडता येत नाही. ती आली नाही, तर तिचीही ड्यूटी आपणच करायची. त्या दिवशी ती आली नव्हती. तुम्ही खाली जेवत होतात तेव्हा मी इन्शुलिनचं इंजेक्शन भरून एका काकांचा दंड पुसत होते. ते म्हणाले, सिस्टर, मला शुगर नाहीये. इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं होतं. ते काका झोपेत असते, तर कदाचित उठलेच नसते. तेव्हापासून प्रत्येक सुईआधी मी पेशंटचं नाव दोनदा विचारते.

आजी, काम मला नकोसं झालेलं नाही, हे नीट वाच. पेशंट बरा होऊन जाताना हात हलवतो तेव्हा अजूनही बरं वाटतं. माझ्या जोडीला एक सिस्टर कायमची दिली तर मी कुठेही जात नाही. तेवढंच मागितलं होतं. मॅडम म्हणाल्या, आपण एक कुटुंब आहोत, सांभाळून घ्यायचं. आणि मग आमच्यासाठी कॅरमची स्पर्धा ठेवली!

आता तुझा शब्द मोडू, की माझ्या हातून कोणी जाईपर्यंत थांबू? तूच सांग. राग आला तरी पत्र पाठव.

तुझी,
नमिता


मढ,
२१ जानेवारी २०२५

चि. नमितास आशीर्वाद.

पत्र वाचून आजोबांनी चहा तसाच ठेवला. मी मात्र चहा पिऊन घेतला, कारण मला निघायचं होतं. काल मी तुमच्या हॉस्पिटलात जाऊन आले. तुला कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक.

रुचिरा मॅडम म्हणाल्या, या आजी, केबिनमध्ये बसून बोलू. म्हटलं, शब्द केबिनमध्ये दिला नव्हता. आमच्यात चारचौघींत केलेला सौदा मोडायचा तर चारचौघींतच मोडावा लागतो, कानात सांगून भागत नाही. तर मी त्याच हॉलमध्ये, पेशंट आणि त्यांची माणसं बसली होती तिथे, उभी राहिले. सांगितलं, इथे मी नातीच्या वतीने शब्द दिला होता, तो मागे घेते. वरच्या वॉर्डात ती एकटी राबते हे मला सांगितलं नव्हतं. टोपलीत वर ताजा माल आणि खाली बर्फातला कुजका, असा सौदा मी धरत नाही.

मग गलका झाला. विद्याधर नावाच्या माणसाचा भाऊ तुझ्याच वॉर्डात आहे. तो म्हणाला, खरंच एकच सिस्टर? आणि जिना चढून बघायलाच गेला. वॉचमनने माझा दंड धरला. म्हटलं, सोड बाबा, मासळीचा वास लागेल, बायको घरात घेणार नाही.

सुईचं मी कुणापाशी बोलले नाही. ते तू स्वतः मेट्रनबाईंना सांग. लपवशील तर माझ्याशी गाठ आहे.

रागावली असशील तर राग, पण जेवण सोडू नकोस.
आजी


मुलुंड,
२४ जानेवारी २०२५

ती. आजीस सा. नमस्कार.

वाट लावलीस माझी! वर येऊन मला एकदा विचारायचंस तरी. दोन्ही वेळा माझ्या नोकरीबद्दल तूच बोललीस, आजी. आधी राहणार म्हणून, मग नाही म्हणून.

मेट्रनना इंजेक्शनचं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, घडलेलं सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. पण रुचिरा मॅडम भडकल्यात. सोमवारपर्यंत तू माफीचं पत्र दिलं नाहीस, तर माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर वाईट शेरा मारतील. मग दुसरीकडे मला कोण घेणार?

एक मात्र झालं. विद्याधर रोज येऊन कोण ड्यूटीवर आहे ते विचारतात, म्हणून दुसऱ्या वॉर्डातली सई माझ्या जोडीला आणून ठेवली आहे. काल बऱ्याच दिवसांनी मी बसून जेवले. पण त्यांचा भाऊ घरी गेला की सईला परत नेतील.

राहायचं की जायचं, मी अजून ठरवलेलं नाही. माफी लिहायची असेल तर लिही. चिडले आहे, पण तुझ्यावर लोभ तसाच आहे.

नमिता


मढ,
२६ जानेवारी २०२५

माफी मागा म्हणता? तुमची कशाला मागू?

श्रीमती रुचिरा मॅडम यांस सखुबाईचा नमस्कार. पत्र आजोबांच्या हाती पाठवते, सोमवारी तुमच्या टेबलावर असेल.

माझी चूक आहे, ती तुमच्यापाशी नाही, नमितापाशी आहे. तिला तोंड असताना मी बोलले. तिची माफी मी मागेन, तीही घरात, जेवायला वाढताना. यापुढे तिच्या वतीने ना हो म्हणेन, ना नाही. आजीला खोटं पाडशील का, असं तिला पुन्हा विचारू नका. आजी खोटी पडली तर पडली, आजीला काही होत नाही.

पोरी टिकत नाहीत म्हणून तुम्ही घरच्यांना शाली घालता. ती शाल कुणाच्या जोडीला ड्यूटी करणार? सईला कायम ठेवा. आणि नमिताने चांगलं काम केलं आहे, तर दाखल्यावर तसंच लिहा. खोटा शेरा मारलात तर मी पुन्हा त्या हॉलमध्ये येऊन बसेन. मला वेळही आहे आणि आवाजही.

तुमच्याशी वैर नाही. पोटाला तुम्हीही नोकरीच करता.

सखुबाई भिकाजी कोळी

ता. क. सईला कायम ठेवणार की नाही, याचं उत्तर मला पाठवू नका, आणि तुम्हीही देऊ नका. वॉर्डात किती नर्सा ठेवायच्या हे ज्यांच्या हुकमाने ठरतं, त्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतः वर जावं आणि ड्यूटीवर उभ्या असलेल्या नमिताला तोंडावर द्यावं.