माझ्या गाडीतली वीज कोण खातंय?

१८ नोव्हेंबर, सोमवार
गाडी सुरू झाली नाही. बटण दाबल्यावर आतून एक खोकला आला, मग तोही थांबला. विम्याच्या माणसाला बोलावलं, त्याने पेटीएवढं यंत्र लावून गाडी उठवली. बायको बाल्कनीतून ओरडली, "अहो, तो काचेवरचा ब्लॅकबॉक्स कॅमेरा बंद करा. गाडी उभी असतानाही शूटिंग करत बसतो, बॅटरी संपणार नाही तर काय!"
बायकांना गाडीतलं कळत नाही. मे महिन्यात कुणीतरी मागच्या उजव्या दारावर हातभर ओरखडा काढून पसार झालं. त्या दिवशी मी कॅमेरा घेतला. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच. आला की सापडणार. पहारेकऱ्याला मी झोपायला सांगणार नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
परत मेली. बॅटरी कमी झाली की कॅमेऱ्याने आपोआप बंद व्हायचं, अशी त्यात एक सोय आहे. डरपोकांची सोय. मी ती काढून टाकली होती, हे आज आठवलं. योग्यच केलं होतं.
निदान: थंडी.

२४ नोव्हेंबर, रविवार
बॅटरीवर जुनी रजई पांघरली. कडेने हात शेकायच्या गरम पिशव्या लावल्या, अख्खा डबा. आमच्या छंगजू शहरात इतकं शास्त्रशुद्ध काम कुणी केलं नसेल. सेरोम म्हणाली, "बाबा, आजीला पण एवढं गुंडाळलं नव्हतं." मुलीचं लग्न ठरायचंय, म्हणून गप्प बसलो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
मेली. रजईसकट.
निदान: बायकोच्या सीटचा हीटर. विचारलं तर म्हणते, गेल्या महिन्यात ती गाडीत बसलेलीच नाही. म्हणजे त्याच्याही आधी लावलेला हीटर.

५ डिसेंबर, गुरुवार
मल्टिमीटर आणला. संध्याकाळी साडेबारा व्होल्ट. सकाळी साडेअकरा. एक व्होल्ट गेला कुठे? गाडी जागची हलली नाही, दिवे बंद, दारं बंद.
डोक्यात लख्ख उजेड पडला. चोरी! कुणीतरी माझी वीज काढून नेतंय.

६ डिसेंबर, शुक्रवार
संशयित सापडला. ७०४ नंबरच्या फ्लॅटमधले तक साहेब. मे महिन्यापासून लिफ्टमध्ये जरा जास्तच वाकून नमस्कार करतात. आणि त्यांची गाडी विजेवर चालते! अजून काय पुरावा हवा?
बायकोला सांगितलं. ती किमचीसाठी कोबीला तिखट चोळत होती. म्हणाली, "हो का? मग खाली जाऊन लक्ष ठेवा ना." पहिल्यांदाच पाठिंबा मिळाला.

१४ डिसेंबर, शनिवार
बॉनेटवर नजर ठेवायला दुसरा कॅमेरा लावला. वीजचोर रंगेहाथ पकडायचा. तोही त्याच बॅटरीवर जोडला. दुसरी बॅटरी कुठून आणू?

१६ डिसेंबर, सोमवार
आधी चार दिवस टिकायची, आता दोनच. चोराला कळलंय की त्याच्यावर नजर आहे, म्हणून घाई करतोय. माझा दबाव जाणवतोय त्याला.

२२ डिसेंबर, रविवार
रेकॉर्डिंग तपासलं. एक मांजर. तकची बायको, हातात कचरा. आणि कानटोपीतला एक इसम: दिवसातून अनेकदा येतो, इकडेतिकडे बघतो, बॉनेटवर हात ठेवतो, जातो. श्वास रोखून पाहिलं. सेरोम खांद्यावरून डोकावली. "बाबा, ती टोपी तुमचीच आहे."
उद्यापासून मी टोपी बदलतो. चोर माझी नक्कलही करत असेल.

२ जानेवारी, गुरुवार
नवा संकल्प: विम्याच्या माणसाला बोलवायचं नाही. (वर्षातल्या फुकट फेऱ्या संपल्या.)
अकरा तारखेला व्याह्यांची पहिली भेट. सेरोमच्या ग्यू-होचे आईवडील मोकपोहून रेल्वेने येणार. मुलगा वाईट नाही, पण गाडी बघा: पिवळी, साबणाच्या वडीएवढी. बायको म्हणते, ग्यू-हो त्यातूनच आणेल त्यांना. माझ्या व्याह्यांना साबणाच्या वडीतून नेऊ? स्टेशनवर मी जाणार. माझ्या काळ्या सेडानने.
सेरोम म्हणाली, "बाबा, काही नको. फक्त त्या दिवशी उशीर करू नका. एवढा एकच दिवस."
शब्द दिला.

१० जानेवारी, शुक्रवार
आवारात जागा नाही. तकच्या गाडीपुढे आडवी लावली. इथे लोक अशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतात, म्हणजे मागच्याला ढकलून वाट काढता येते. मी ठेवत नाही. ढकलताना ओरखडे पडतात. हँडब्रेक घट्ट. अडल्यास फोन करायला काचेवर ठेवतात तो नंबरही काढून ठेवला. चोराच्या हाती माझा नंबर कशाला?
दोन्ही कॅमेरे चालू. सूट इस्त्री. उद्या बघाच.

११ जानेवारी, शनिवार
सकाळी नऊ. मेली. बटणाचा दिवाही लागेना. ब्रेक विजेवर, तोही सुटेना. न्यूट्रल नाही, काही नाही. दगड.
सव्वानऊ. घराघरांतल्या स्पीकरवर सोसायटीच्या ऑफिसातून घोषणा: काळी सेडान, मालकांनी त्वरित खाली यावं. मी खालीच उभा. शेजारी तक साहेब, त्यांना आईला दवाखान्यात न्यायचंय. शिव्या द्याव्यात की नाही? उलट म्हणाले, "सूटवर ग्रीस लागेल, मी धरतो केबल." कावेबाज माणूस.
दहा. ग्यू-हो आला. साबणाच्या वडीची बॅटरी माझ्या सेडानला जोडली. केबल आखूड. गाडी पुढे घे, मागे घे. सेरोम घड्याळाकडे बघून ओठ चावत होती. स्टेशनवर न्यायला कुणीच नाही.
साडेदहा. टॅक्सीतून व्याही उतरले. हातात सुकवलेल्या माशांची पेटी. मी रजई हातात धरून वाकलो.
काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, "माफ करा. पण गाडीवर पहारा ठेवावा लागतो. मे महिन्यात कुण्या नालायकाने हा ओरखडा काढला. सापडला की सोडणार नाही."
व्याही ओरखड्याजवळ वाकले. बघितलं. चेहरा खुलला. "अरे ग्यू-हो! तुझ्या गाडीच्या कॅमेऱ्यातला तो व्हिडिओ! गाणं म्हणत म्हणत खांबाला घासतात, मग उतरून गाडीची दुसरीच बाजू तपासतात, आणि खूश होऊन निघून जातात. ते काका हेच का? आमच्या अख्ख्या मासळीबाजाराने—"
विहीणबाईंनी त्यांना चिमटा काढला. उशीर झाला होता. त्यालाही.
तक साहेबांनी खाली बघितलं. त्यांनाही माहीत होतं. त्या वेळी माझी सेडान सुरू झाली. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकदम सांगितलं: "रेकॉर्डिंग सुरू झालं आहे."
सेरोम हसली. आधी ती, मग सगळे.
जेवायला साबणाच्या वडीतून गेलो. मागच्या सीटवर, व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून. माशांची पेटी माझ्या मांडीवर.

१२ जानेवारी, रविवार
लग्न ठरलं. एप्रिल. व्याही निघताना म्हणाले, असा मोकळा माणूस पाहिला नाही. मी काय मोकळं केलं होतं?
ग्यू-होला बाजूला घेतलं. आठ महिने का नाही बोललास? मान खाली घालून म्हणाला, "सेरोमच्या आईंनी नको म्हटलं होतं."
बायकोला विचारलं. भांडी घासता घासता म्हणाली, "रिटायर झाल्यापासून तुम्ही दिवसभर माझ्या मागे. मीठ जास्त, गॅस मोठा, फ्रीज नीट लावला नाही. मे महिन्यापासून तुम्ही गाडीच्या मागे. मी कशाला सांगू?"

२० जानेवारी, सोमवार
दोन्ही कॅमेरे काढले. आठ दिवस झाले, बॅटरी ठणठणीत. निदान माझंच खरं होतं: वीज कुणीतरी खात होतं.
आज घरीच. फ्रीजमधले डबे उंचीप्रमाणे लावले. भात कुकरमधून काढायची योग्य पद्धत बायकोला समजावली.
दुपारी ती बाहेर जाऊन आली आणि माझ्यासमोर एक खोका ठेवला. नवाकोरा ब्लॅकबॉक्स. शेजारी माझी कानटोपी.