तीनशे बारा पावलं

१ एप्रिल १९६८, सोमवार. सकाळी ६
आजपासून टायपिंगचा क्लास. काल संध्याकाळी घरापासून पावलं मोजली, तीनशे बारा. क्लास रिखबचंद शेठच्या कापडदुकानाच्या माडीवर, म्हणजे जिन्याच्या अठरा पायऱ्या वेगळ्या. तरी चार मिनिटांच्या वर लागणार नाहीत.
मे महिन्यात सरकारी परीक्षा. सर्टिफिकेट मिळालं तर जिल्हा परिषदेत अर्ज करता येईल, तीन जागा आहेत. नाहीतर सावद्याचं स्थळ. आबांनी स्पष्ट सांगितलं आहे की परीक्षेपर्यंत थांबतो, पुढे नाही. आबा जिनमध्ये कापसाचे बोजे वाहतात, पण शब्दाचे पक्के.
ठराव : क्लासबद्दल गल्लीत कोणालाही कळू द्यायचं नाही. मॅट्रिकला पहिल्यांदा गणितात नापास झाले तेव्हा एकोणीस घरांतून बाया समजूत घालायला आल्या. त्यांचा चहा मलाच करावा लागला.

त्याच दिवशी, रात्री
अकरा मिनिटं उशीर झाला. पहिला दिवस, चालायचंच. राजकुंवर नावाची मुलगी भुसावळहून रोज रेल्वेने येणार आहे. ती माझ्या आधी हजर होती. बिचारी! आपण पेठेत राहतो हे किती बरं.

३ एप्रिल
उशीर चौदा मिनिटं. कारण लिहून ठेवते. आमच्या गल्लीत प्रत्येक ओट्यावर कोणीतरी बसलेलं असतं आणि मोठ्या माणसाला उत्तर न देता पुढे जाणं माझ्याने होत नाही. द्रौपदाबाई धुळ्याकडच्या. त्यांनी विचारलं, "कथा चालनी व वच्छी?" कुठे निघालीस म्हणून. मी म्हटलं, इथेच. मग जेवनी का, काय भाजी व्हती, भाजी काय भाव मिळनी. लिलाबाईंनीही हेच, त्याच क्रमाने. दोघींचे ओटे समोरासमोर आहेत. एकीने विचारलेलं दुसरीला ऐकू येतं. तरी विचारतात.
शिवाय 'इथेच' हे खोटं झालं का, या विचारात संध्याकाळ गेली. क्लास खरंच इथेच आहे. तेव्हा खोटं नाही.

६ एप्रिल
नवी युक्ती. मागच्या बोळातून जायचं. पावलं थोडी जास्त, पण ओटे नाहीत.

८ एप्रिल
बोळात वना गवळ्याची म्हैस आडवी बसली होती. उठेना. परत फिरले तर घरांच्या मागच्या दारांतून बाया भांडी घासत होत्या. पुढच्या ओट्यावरच्याच बाया. द्रौपदाबाईंनी विचारलं की आज इकडून कशी, कोणी काही बोललं का तुला? त्यांचं समाधान होईपर्यंत वीस मिनिटं. क्लासच्या सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं फक्त.

१२ एप्रिल
घरी मशीन नाही म्हणून पुठ्ठ्यावर अक्षरं काढून तो भिंतीला टेकवला आणि पहाटे तासभर बोटं चालवली. ए, एस, डी, एफ. कोणाला पत्ता लागणार नाही असा अभ्यास. स्वतःचं कौतुक वाटलं.

१५ एप्रिल
शेजारच्या सूरजबाईंनी मायला सांगितलं की भिंतीत उंदीर झाले, पहाटे पहाटे कुरतडतात. आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यांनी पिंजरा लावला आहे आणि त्यात रोज भाकरीचा ताजा तुकडा ठेवतात. सूरजबाई एकट्याच राहतात. त्यांचे यजमान वारले त्याला सहा वर्षं झाली. त्यांची भाकरी माझ्यामुळे वाया जाते हे मनाला लागलं. पुठ्ठा बंद.

२२ एप्रिल
द्रौपदाबाईंचा मगन धुळ्याला एस. टी. त कंडक्टर आहे. त्याला पत्र लिहून दे म्हणाल्या. गल्लीत लिहिणारी बाई मी एकटीच, नाही कसं म्हणू? पोस्टकार्ड भरलं तरी त्यांचं संपेना. म्हणाल्या, "पत्तानी बाजूले लिख ना, बठ्ठी जागा रिकामी शे." मग लिलाबाईंचं एक, मग पलीकडच्या दोघींची. क्लास बुडाला. उद्यापासून पत्रं फक्त रविवारी. हा ठराव मी मायलाही सांगितला, म्हणजे मोडता येणार नाही.

२४ एप्रिल (बुधवार)
तीन पत्रं. पण ती निकडीची होती.

३० एप्रिल. आखाजीचा सण
गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या आहेत. ओट्यांवर दुप्पट माणसं, लिंबाला झोके बांधलेले. प्रत्येकीने अडवून विचारलं, अजून नाही का ठरलं तुझं? मी हसून पुढे गेले. बहुधा हसले. क्लासला पोचले तेव्हा राजकुंवर मशीनवर झाकण घालून निघाली होती.

१० मे
सरांनी वेग मोजला, मिनिटाला किती शब्द ते. एकोणीस. तीस हवेत. राजकुंवरचे चौतीस. पण सर जवळ उभे राहिले की माझी बोटं भलत्याच अक्षरांवर पडतात, म्हणून ते खरे एकोणीस धरता येत नाहीत. मनातल्या मनात मी तीसच्या पुढे आहे.
समाधान एवढंच की अजून कोणालाही काही माहीत नाही.

१६ मे
सहा दिवस सलग वेळेवर! ओट्यांवरून कोणी थांबवलं नाही. नुसत्या बघतात आणि म्हणतात, जा जा. माझ्या चेहऱ्यावर आता करारीपणा आला असावा. वेग अठ्ठावीस.

१९ मे, रविवार
वेग एकतीस. सर म्हणाले, उद्या घाबरू नका म्हणजे झालं. परीक्षा हायस्कुलात, बरोबर अकराला. चालत नऊ मिनिटं. मी सव्वादहाला निघणार. चुकण्यासारखं काही राहिलेलंच नाही.

२० मे, सोमवार. दुपारी ४
जसं घडलं तसं लिहिते.
सव्वादहाला दार उघडलं तर समोर लिलाबाई, डोक्यावर भरलेली घागर. नळ सकाळी सातलाच गेलेला. म्हटलं, आत्ता पाणी कुठून? म्हणाल्या, "तुझ्यासाठी राखून ठेवलं वं. परीक्षेला निघालीस, भरली घागर समोर यायला नको?"
थांबले, घागरीला हात लावला, पाया पडले. चार पावलांवर द्रौपदाबाई घागर घेऊन. मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणाल्या, "बठ्ठी गल्लीले माहीत शे बेटी. तू त्या माडीवर टिकटिक करस, ते काय आम्हले ऐकू येत नही?" त्यांच्या मागे आणखी. एकीचा शकुन घेतला आणि दुसरीचा टाळला तर तिला काय वाटेल? अकरा घागरी झाल्या. प्रत्येकीच्या पाया पडले. नवव्या घागरीचं पाणी हिंदकळून प्रवेशपत्रावर सांडलं. "पाणी सांडणं तर फारच चांगलं," असं सगळ्यांनी सांगितलं. मग ओट्यावर पसरून ते वाळवलं.
सुटले म्हणून मागे पाहिलं, तर सूरजबाई आपल्या दारात उभ्या होत्या. नजर मिळताच त्या झटकन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. विधवा बाईने समोर येऊ नये म्हणून. अकरा जणींच्या पाया पडायचं आणि त्यांना टाळून जायचं, हे मला जमेना. परत गेले. दार वाजवलं, पाया पडले. "वेडी पोर, आज कशाला आलीस? जा आधी," म्हणाल्या आणि माझा हात धरून रडायला लागल्या. रडणाऱ्या माणसाच्या हातातून हात कसा सोडवायचा?
पोचले तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. माझ्या मशीनसमोर दुसरीच कोणी बसली होती. परीक्षक सभ्य गृहस्थ. त्यांनी विचारलं, आपण कुठून येता? मी पेठेचं नाव सांगितलं. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथून आमच्या गल्लीतला लिंब दिसतो. राजकुंवरकडे बोट दाखवून म्हणाले, "या भुसावळहून आलेल्या बाई साडेदहापासून बसल्या आहेत." पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.
शाळेच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले. परत येताना सगळ्या ओट्यांवर होत्या. पेपर कसा गेला असं एकीनेही विचारलं नाही. मीच म्हणाले, बरा गेला. "बरं बरं," म्हणाल्या आणि खाली पाहून धान्य निवडू लागल्या. घरी मायने आधीच ताट वाढून ठेवलं होतं. हायस्कूलचा शिपाई अभिमन पलीकडच्याच गल्लीत राहतो, माझ्या आधी बातमी त्यानेच पोचवली असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.
माझं 'बरा गेला' हे मात्र खोटंच.

२६ मे, रविवार
सावद्याची मंडळी येऊन गेली. पसंती कळवली. आबांनी हो म्हटलं. शब्दाचे पक्के आहेत. जिल्हा परिषदेच्या अर्जांची तारीख तीस जून, म्हणजे तोही विषय संपला.
मुलाचं नाव छगन, केळीची बाग आहे. घर मळ्यात, गावापासून दोन मैलांवर. माय म्हणाली, शेजार असा नाहीच. दिवसभरात कोणी विचारणार नाही, कुठे चाललीस म्हणून.
बरंच झालं. इतक्या शांततेत अभ्यास उत्तम होईल. नोव्हेंबरच्या परीक्षेला मळ्यातून यायचं झालं तर पहाटेच निघावं लागेल, पण वाटेत अडवणारं कोणी नाही.
माडीवरचं मशीन मात्र तिथे नसेल. शिवाय तिथून जायला-यायला गाडी कोण जुंपून देईल, हे विचारायचं आज राहून गेलं.