गवतावर चालणारी गाडी

४ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून पेट्रोल बंद.
काल पंपावर तपासणी. मी वजनमापे निरीक्षक. सरकारी पाच लिटरच्या मापात पंपाचं पेट्रोल घेऊन बघायचं, हे माझं काम. चाळीस मिली कमी भरलं. मालक म्हणाला, ऊन आहे, उडालं असेल. मी म्हटलं, माझ्या मापातून काहीही उडत नाही. तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, साहेब, एवढं पटत नसेल तर घरीच गाळा की पेट्रोल!
लोक हसले. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळं होतं.
गाळणार.

४ मार्च, संध्या. ७.००
लायब्ररीतून पुस्तक आणलं. गवत, पालापाचोळा, भुसा, सगळ्यांत साखर दडलेली असते. ती सोडवायची, आंबवायची, गाळायची, की अल्कोहोल तयार. त्यावर गाडी चालते. एकूण सतरा पानं. पहिली चार वाचली. पुढे नुसता तपशील आहे.

६ मार्च
हिला बढती. मुख्याध्यापिका. शाळा इथून चार तासांवर. तिथेच खोली घेऊन राहावं लागणार, दोन वर्षं. १ जूनला हजर व्हायचंय. नको म्हणून कळवू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, वेडी आहेस का? १ जूनला सामानासकट तुला मी सोडणार, आपल्या घरच्या इंधनावर. आणि दर शनिवारी भेटायला येणार, तेही घरच्याच इंधनावर. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.
मला काही वाटलेलं नाही. दोन वर्षं म्हणजे काय. दोन वर्षं.

९ मार्च
ऑफिसला पायी. पाच किलोमीटर. चालणं प्रकृतीला उत्तम.

१० मार्च
टाच सोलली. बुटाचा दोष.

१५ मार्च, रविवार
कच्च्या मालाची सोय झाली. सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत कमरेएवढं गवत आहे. सेक्रेटरी एकदम खूश. सोसायटीचं गवत कापायचं यंत्रच दिलं. म्हणाले, फक्त पेट्रोल तुम्ही घाला.
विचार केला. बंदी गाडीच्या पेट्रोलला आहे. यंत्राला चाकं असली तरी त्यात बसता येत नाही, म्हणून ती गाडी नव्हे. नियमात बसतं. पंपावर मात्र मी पाऊल ठेवणार नाही. सासऱ्यांना कॅन देऊन पाठवलं.
सासरे आमच्याकडेच असतात. निवृत्त कंपाउंडर. चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं कालवली, त्यामुळे आपल्याला रसायनशास्त्र कळतं असा त्यांचा समज आहे. बोलत नाही मी काही.

१८ मार्च
गवत बारीक करायला हिचा मिक्सर घेतला. तिसऱ्या भांड्याला धूर. ही शाळेतून आली, वास घेतला, एक शब्द बोलली नाही. न बोलणं म्हणजे संमती.

१९ मार्च
संमती नव्हती.

२९ मार्च, रविवार
पुस्तक म्हणतं, गवत सौम्य आम्लात उकळा. बाथरूम धुवायचं ॲसिड वापरलं. सासरे म्हणाले, पातेलं ॲल्युमिनियमचं आहे हो. मी म्हटलं, दिसतंय मला. दुपारी चारला पातेल्याला तळ राहिला नाही. म्हणजे ॲसिडमध्ये भेसळ नव्हती. निरीक्षक म्हणून समाधान वाटलं.

५ एप्रिल
नवी दिशा. ॲसिड रद्द. कापडी तंबू खाणारी एक बुरशी असते, तिला गवतही चालतं. साखर तीच सोडवून देते. कॉलेजातला माझा तंबू माळ्यावर होताच. ओला करून पलंगाखाली पसरला.

१४ एप्रिल
बुरशी आली! हिरवीगार. लेकरासारखी वाढते आहे. हिला पलंगाखाली वाकून बघायला सांगितलं. ही वाकली नाही. उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेली.

२१ एप्रिल
बुरशीला गवतात सोडलं. गवताला तोंड लावत नाही. जरा लाजत असेल.

२४ एप्रिल
ऑफिसात किरकोळ प्रकार. माझी प्रमाणित वजनं कॅनव्हासच्या बॅगेत असतात आणि घरी बॅग पलंगाखालीच ठेवतो. सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये बॅग उचलली, तर बॅग वर आली आणि तळ खाली राहिला. दोन किलोचं वजन साहेबांच्या पायावर. ताबडतोब वजन तपासलं. अचूकतेत काहीही फरक पडलेला नाही. तसा लेखी अहवालही दिला. साहेबांना तो आवडला नाही असं शिपाई म्हणाला.

२५ एप्रिल
सासऱ्यांचे फिरायला जायचे कापडी बूटही गेले. फक्त रबरी तळवे उरले. ते घालून फिरून आले. मला दाखवायला.

३ मे
बुरशीने शेवटी गवत धरलं! चव घेतली, गोड लागलं. सासऱ्यांनीही घेतली, म्हणाले, गोड नाही, तुरट आहे. त्यांच्या जिभेचं वय झालं. बेकरीतून यीस्ट आणून पिंपात टाकलं. पिंप बाथरूममध्ये. झाकण दोरीने करकचून बांधलं. गॅस वाया घालवायचा नाही, असं धोरण.

९ मे, सकाळी ९.२०
धोरण बदललं. झाकण छतात गेलं.
कुणाला लागलं नाही. ही आंघोळीला जाणारच होती, टॉवेल विसरला म्हणून मागे फिरली. छतावर हिरवा डाग, साधारण नकाशातल्या एखाद्या खंडाच्या आकाराचा. आंघोळी सध्या सेक्रेटरींकडे. तिघंही, रांगेने.

१० मे
ही आज मला म्हणाली, तुम्हाला मी जायला नको आहे का, तसं सरळ सांगा, घर कशाला उडवता. मी म्हटलं, भलतंच काय! हे सगळं तुझ्या सोयीसाठी चाललंय. ती म्हणाली, बरं. हिचं 'बरं' मला सव्वीस वर्षांत मोजता आलेलं नाही.

१७ मे, रविवार
गाळप! प्रेशर कुकर, तांब्याची नळी, थंड पाण्याची बादली. थेंब थेंब करत ३१० मिली. स्वच्छ, पाण्यासारखं. सासऱ्यांनी बोट बुडवून वास घेतला. म्हणाले, जखम धुवायला चालेल, पण जखम किरकोळ हवी. अर्ध्याच्या वर पाणीच आहे म्हणे यात. शिवाय, म्हणाले, यंत्राने आजवर चौदा लिटर पेट्रोल प्यायलं, कॅन मीच आणतो, मला माहीत आहे. चौदा लिटर घालून पाव लिटर काढलंत.
मी म्हटलं, पाव नव्हे, पावाहून साठ मिली जास्त. आणि यात अनुभव धरलेला नाही.

२८ मे
ही सामान बांधते आहे. माझ्या कपाटाच्या प्रत्येक खणाला चिठ्ठी: मोजे. रुमाल. औषधं, जेवणानंतर. मी काय लहान आहे? चिठ्ठ्या काढून टाकल्या.

२९ मे
मोजे सापडेनात. चिठ्ठ्या परत लावल्या.

३१ मे, संध्या. ६.३०
सगळं गाळप एकत्र केलं. सरकारी मापात मोजलं. १.९६ लिटर. दोन धरले.
गाडीच्या टाकीतलं जुनं पेट्रोल तत्त्व म्हणून काढून यंत्रात घातलं. उद्या सकाळी सात. मन शांत आहे. तीनदा उठून टाकीचं झाकण बघून आलो, तेवढंच.

१ जून, दुपारी १२.००
गाडी चालली! हे आधी लिहून ठेवतो.
सेक्रेटरी आणि सासऱ्यांनी गेटपर्यंत ढकलली. उतारावर इंजिन खोकलं आणि सुरू झालं. मी हॉर्न वाजवला. पोस्टापर्यंत पोचलो. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, "अहो, खरंच चालली की!" सव्वीस वर्षांत असा आवाज तिने दोनदा काढलाय.
पोस्टापुढच्या चौकात गाडी थांबली. आठशे मीटर.
बॉनेट उघडलं. बघितलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. ही घड्याळ बघत नव्हती, म्हणजे मनात बघत होती. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका उशिरा! तेवढ्यात बस आली. हिने हात केला. मागून चालत आलेल्या सासऱ्यांनी आणि कंडक्टरने ट्रंक चढवली. ही दारातून म्हणाली, "जेवून घ्या वेळेवर. आणि गाडी एकट्याने ढकलू नका, पाठ धरेल."
मी म्हटलं, शनिवारी येतो. गाडी घेऊन.
ती म्हणाली, बरं.
बसच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं. धूर दिसत नव्हता, पण असणार.

३ जून
घर एकदम शांत. संशोधनाला उत्तम. संशोधन केलं नाही.
सासरे आणि मी जेवताना समोरासमोर. ते म्हणाले, मीठ कमी आहे. मी म्हटलं, हो. एवढंच.

५ जून
नवीन गाळप ४० मिली. शनिवार उद्यावर आला.

६ जून, शनिवार, दुपारी २.१५
बसमध्ये आहे. फक्त या वेळेपुरता, आणि रस्त्याचं निरीक्षण म्हणून. अक्षर हलतंय.
ड्रायव्हरच्या मागे पाटी आहे. तीनदा वाचली. 'ही बस शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेल्या इंधनावर धावते.'
मधल्या थांब्यावर ड्रायव्हरला गाठलं. म्हणाला, दोन वर्षं झाली की! शहराबाहेर मोठा कारखाना आहे, तिथून टँकर येतो. का, वास येतो का काही? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, सुरुवातीला लोक विचारायचे, आता कुणी विचारत नाही.
सगळं इंधन तेच का? पाचात एक भाग, म्हणाला. बाकी नेहमीचं.
म्हणजे चार भागांना अजून वाव आहे.

६ जून, संध्या. ६.००
ही थांब्यावर उभी होती. मी उतरायच्या आधीच हातातली पिशवी तिने घेतली. वाळली आहे जरा. की नवीन साडीमुळे तसं दिसतं.
मी विचारलं, पाटी वाचलीस? पहिल्याच दिवशी, म्हणाली. मग फोनवर बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही येणारच होतात. म्हटलं, वाचाल."
हसली नाही. मी फार बारकाईने बघितलं. मग चालता चालता म्हणाली, परत जाताना पुढची सीट धरा, मागे बसलं की मळमळतं तुम्हाला.
मला बसमध्ये मळमळत नाही. कधीच नाही. ती नोंद इथे स्पष्टपणे करून ठेवतो.

७ जून, रविवार, संध्या. ५.००
पुढची सीट धरली.