नितळमधला ळ

२६ जून २००१, मंगळवार
चौबे कॉलोनी, रायपूर

आज पोट्ट्याचं शाळेत नाव टाकलं. टाकलं म्हणजे, शाळेतल्या बाबूजींनी अर्जावर लिहिलं 'नितल'. मी म्हटलं, ल नाही, ळ. नितळ. त्यांनी चष्मा काढला. "दीदी, ये अक्षर तो हमारे यहाँ होता ही नहीं." बिचाऱ्यांनी दोनदा म्हणूनही पाहिलं. नितड़. नितर. मले हसू आलं नि रागही.

"मतलब क्या है?" विचारलं, तेव्हा मात्र मी अडले. साफ पानी? पण नितळ म्हणजे नुसतं साफ नाही ना! आधी गढूळ असतं, मग निवांत ठेवल्यावर गाळ खाली बसतो, ते पाणी. हा पोटात होता तेव्हा यांची इकडे बदली झाली, नि आम्ही दोघं रोज भांडायचो. हा आला नि घर निवलं. म्हणून माझ्या आईनं हे नाव ठेवलं. अख्ख्या रायपुरात दुसरा नितळ नसेल. आता कागदावर तर हाही नाही.

घरी आल्यावर हे म्हणाले, "नवं राज्य झालं, गावभर पाट्या बदलून राहिल्या. तू एका अक्षरासाठी काहून रडून राहिली?"

रडत नव्हते मी.

संध्याकाळी पोट्ट्यानं आपल्या हातानं पाटीवर 'नितल' लिहिलं. सकाळी सगळं ऐकत माझ्याजवळच उभा होता. मी विचारलं, ळ कुठे गेला रे?

"मम्मी, उसको स्कूल नहीं ले जाना. वो घर वाला ल है."